पीएचडी२ गाइडिंग: ताऱ्याचं केंद्र आणि त्यावरचा भरवसा

दुर्बिणीला कॅमेरा लावून पाच-पाच मिनिटांची एक्स्पोजर घ्यायची तर गाइडिंगसाठी, म्हणजे एका ताऱ्यावर नजर ठेवून दुर्बीण आकाशाबरोबर अचूक फिरत ठेवण्यासाठी, कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं, असं गोव्यातल्या नव्या हौशी मंडळींपैकी कोणी विचारलं की मी पीएचडी२ सांगते. ते फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं, आणि माझ्या जुन्या लॅपटॉपलाही झेपतं. पण माझ्या शिफारशीचं कारण त्याहून मोठं आहे. ताऱ्याचं केंद्र काढून देणारी साधनं आता बरीच झाली. काढलेल्या केंद्रावर कितपत भरवसा ठेवायचा, हे पीएचडी२ इतकं उघड करून दाखवतं की वापरणाऱ्याला मोजमापाची शिस्त आपोआप लागते.

मला ही गोष्ट एवढी महत्त्वाची का वाटते, ते सांगते. मी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीच्या गुणवत्ता विभागात काम करते. माझा दिवस मास स्पेक्ट्रोमीटरसमोर जातो. त्या यंत्रात प्रत्येक आयन पडद्यावर एका उंचवट्यासारखा दिसतो. हा अख्खा उंचवटा साठवला तर ते प्रोफाइल. त्याचं भारित केंद्र काढून एक वस्तुमान आणि एक तीव्रता एवढंच ठेवलं तर ते सेंट्रॉइड. सेंट्रॉइडची फाइल कितीतरी लहान होते, पुढची गणितं भराभर होतात, रोजच्या कामाला तेवढं पुरतं. पण दोन उंचवटे एकमेकांत मिसळलेले असले तर केंद्र त्यांच्या मध्ये कुठेतरी पडतं, आणि त्या वस्तुमानाचा रेणू नमुन्यात नसतोच. म्हणून आकडा जरा विचित्र दिसला की आम्ही मूळ प्रोफाइल उघडून बघतो. आकडा बघायचा आणि आकार पण बघायचा, ही सवय मला नोकरीने लावली. रात्री गच्चीवर हीच सवय चालवू देणारं सॉफ्टवेअर मला हवं होतं.

माझी गच्ची म्हार्दोळच्या बाजूला. ८० मिलिमीटरची अपवर्ती दुर्बीण, नाभीय अंतर ४८० मिलिमीटर. कॅमेऱ्याचा पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा, म्हणजे आकाशातले साधारण १.६ आर्कसेकंद एका पिक्सेलमध्ये बसतात (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). तिच्या पाठीवर ३० मिलिमीटरची छोटी गाइड दुर्बीण, नाभीय अंतर १२० मिलिमीटर, आणि तिला कृष्णधवल गाइड कॅमेरा: १२८० गुणिले ९६० पिक्सेल, प्रत्येक ३.७५ मायक्रॉनचा. हिशेब केला तर गाइड कॅमेऱ्याचा एक पिक्सेल जवळजवळ ६.४ आर्कसेकंदांचा होतो. इथे बहुतेक जण अडतात. मुख्य कॅमेऱ्याच्या चौपट जाड पिक्सेल असलेला कॅमेरा एकेका आर्कसेकंदाची चूक पकडणार कसा?

उत्तर सेंट्रॉइडमध्ये आहे. ताऱ्याचा प्रकाश एकाच पिक्सेलवर पडत नाही, तो आजूबाजूला पसरतो. समजा एका ओळीतल्या तीन पिक्सेलवर २०, १०० आणि ६० असा प्रकाश नोंदला गेला. प्रत्येक पिक्सेलचा क्रमांक त्याच्या प्रकाशाने गुणायचा आणि बेरीज करायची: २० अधिक २०० अधिक १८०, म्हणजे ४००. तिला एकूण प्रकाशाने, १८० ने, भागायचं. उत्तर २.२२. तारा दुसऱ्या पिक्सेलवर आहेच, पण त्याच्या मध्यापासून पिक्सेलच्या दोन दशांशाहून थोडा जास्त तिसऱ्याकडे झुकलेला आहे. माझ्या गाइड कॅमेऱ्यात हे झुकणं सुमारे १.४ आर्कसेकंदांचं. पिक्सेल ६.४ चा, आणि मोजमाप त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्यापर्यंत पोचलं. कोयता बोटावर तोलून पाहा. तोल लांबीच्या मधोमध सापडत नाही, पात्याकडे सरकलेला असतो. इथे वजनाच्या जागी प्रकाश आहे, एवढंच.

किती बारीक जाता येतं ते ताऱ्याच्या पसाऱ्यावर आणि सिग्नल-नॉइजच्या, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश आणि गोंगाट यांच्या, गुणोत्तरावर ठरतं. ढोबळ हिशेब असा: पसारा एक पिक्सेल आणि गुणोत्तर २० असेल तर केंद्रातली अनिश्चितता एक विसांश पिक्सेलच्या आसपास. तंत्र हेच ठेवून गाया यानाने काय केलं ते पाहा. २०१३ च्या डिसेंबरमध्ये निघालेल्या या यानाचा पिक्सेल, ते ज्या दिशेने आकाश चाळायचं त्या दिशेत, सुमारे ५९ मिलिआर्कसेकंदांचा होता. २०२२ मध्ये आलेल्या त्याच्या तिसऱ्या यादीत उजळ ताऱ्यांच्या पराशयातली (पृथ्वीच्या फिरण्यामुळे तारा जेवढा सरकल्यासारखा दिसतो त्या कोनातली) अनिश्चितता मात्र दोन शतांश मिलिआर्कसेकंदांपर्यंत खाली आली आहे. एका ताऱ्याची पुन्हा पुन्हा घेतलेली मोजमापं आणि प्रत्येक मोजमापात प्रकाशाच्या पसाऱ्यातून काढलेलं केंद्र, यांवर ती सगळी इमारत उभी आहे. म्हार्दोळच्या गच्चीवर मी त्याच पायरीवर उभी असते, फक्त खूप खाली.

आता सॉफ्टवेअरकडे. मूळ पीएचडी लिहिलं क्रेग स्टार्क यांनी. ते व्यवसायाने मेंदू आणि स्मृतीवर काम करणारे संशोधक. पुढे स्वयंसेवकांनी ते पीएचडी२ म्हणून वाढवलं आणि आजही सांभाळतात. काम थोडक्यात असं: आपण एक तारा निवडतो, सॉफ्टवेअर त्याच्याभोवती लहानसा चौकोन आखतं, दर दोन-तीन सेकंदांनी चित्र घेतं, त्यातलं ताऱ्याचं केंद्र काढतं, आणि ते मूळ जागेवरून सरकलं असेल तर माउंटला, म्हणजे दुर्बीण फिरवणाऱ्या बैठकीला, तेवढा उलटा धक्का देतं.

केंद्र काढण्याची त्याची रीत मला पटते. ताऱ्याभोवतीच्या कड्यातून आधी पार्श्वभूमीची उजळी मोजली जाते आणि ती वजा होते. त्यानंतर जे पिक्सेल पार्श्वभूमीच्या गोंगाटापेक्षा ठळकपणे वर आहेत, तेवढेच हिशेबात घेतले जातात. ही वजाबाकी राहिली तर काय होईल? आकाशाची उजळी चौकोनभर सारखी पसरलेली असते, त्यामुळे ती केंद्राला चौकोनाच्या मधोमध ओढत राहते आणि तारा जितका सरकला त्यापेक्षा कमी सरकल्यासारखा दिसतो. माघात मंगेशीच्या जत्रेच्या दिवसांत आमच्या बाजूचं आकाश खालून चांगलंच उजळतं. तरी त्या रात्रींनाही सुधारणा ओळीत राहतात, हे मी पाहिलेलं आहे.

पण माझ्या लेखी या सॉफ्टवेअरचा खरा जीव आहे तो स्टार प्रोफाइल नावाच्या छोट्या खिडकीत. निवडलेल्या ताऱ्याचा उभा छेद तिथे सतत दिसत राहतो, आणि खाली एचएफडी, म्हणजे ताऱ्याचा निम्मा प्रकाश जेवढ्या वर्तुळात मावतो त्याचा व्यास. शेजारी सिग्नल-नॉइजचं गुणोत्तर. तारा प्रमाणाबाहेर उजळ असेल तर खाली 'सॅट' अशी सूचना येते. संपृक्त ताऱ्याचं शिखर सपाट कापलेलं असतं, त्यामुळे कुठला पिक्सेल जास्त भारी ही माहितीच गेलेली असते. केंद्र निघतं, पण त्याला अर्थ उरत नाही. उजळ तारा दिसला की नवशिक्याचा हात त्याच्याकडेच जातो, म्हणून ही सूचना फार मोलाची.

एप्रिलमधली गोष्ट. माझा भाचा मडगावहून आला होता. लॅपटॉप त्याच्याकडे देऊन मी खाली ड्यू हीटरची (भिंगावर दव धरू न देणाऱ्या हीटरची) वायर आणायला गेले. परत आले तर तो खुशीत: "मावशी, आज गाइडिंग बघ गो, रेघ हलतच नाही!" आलेख खरंच सरळ होता. इतका सरळ की मला तो खोटा वाटला. वातावरण थरथरतं, माउंटचे दाते कुरकुरतात. जिवंत ताऱ्याचं केंद्र थोडं तरी नाचतंच. मी त्याला स्टार प्रोफाइल उघडायला लावलं. डोंगरासारखा उंचवटा दिसायला हवा, तिथे सुई उभी होती. दोन्ही बाजूंना काही नाही, मध्ये एकच उंच पिक्सेल, एचएफडी जेमतेम. तो तारा नव्हता, हॉट पिक्सेल होता, म्हणजे प्रकाश नसतानाही उजळ दिसणारा सेन्सरचा पिक्सेल. सेन्सर जसा तापतो तसा अंधारातला प्रवाह वाढतो, दर सहा-सात अंशांना साधारण दुप्पट, आणि आमच्या एप्रिलच्या रात्री काही थंड नसतात. सेन्सरवरचा पिक्सेल हलणार कुठे? त्यामुळे चूक शून्य, आलेख देखणा, आणि मुख्य कॅमेऱ्यात तारे लांबुडके. आम्ही झाकण लावून डार्क फ्रेमचा संच नव्याने घेतला, सॉफ्टवेअरने तो वजा करायला सुरुवात केली आणि सुई गायब झाली. भाच्याने त्यानंतर प्रत्येक तारा निवडताना आधी छेद बघितला. मला तरी यापेक्षा चांगला धडा शब्दांत देता आला नसता.

याची दुसरी बाजू फोकसची. लोकांना वाटतं, गाइड दुर्बीण जितकी धारदार तितकी चांगली. सगळा प्रकाश एकाच पिक्सेलमध्ये मावला तर पिक्सेलच्या आत तारा डावीकडे आहे की उजवीकडे, ते कळायला मार्गच राहत नाही. प्रकाश शेजारच्या पिक्सेलवर थोडा सांडला पाहिजे. अवकाशयानांची दिशा ठरवणारे स्टार ट्रॅकर कॅमेरे याच कारणासाठी मुद्दाम किंचित धूसर ठेवलेले असतात. मी फोकस पक्का करून मग अगदी जरासा सोडते आणि एचएफडीकडे बघत थांबते.

गोव्यातल्या माणसाला हे सॉफ्टवेअर जास्त उपयोगाचं का, त्याचं कारण ध्रुवतारा. माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो, आणि त्यासाठी सहसा ध्रुवतारा बघतात. आपण साडेपंधरा अंश अक्षांशाच्या आसपास राहतो, म्हणून ध्रुवही क्षितिजापासून तेवढाच वर. माझ्या उत्तरेला डोंगर, त्यावर काजू आणि माड. डिसेंबरातल्या स्वच्छ रात्रीही दमट हवेच्या थरातून तो जेमतेम टिमटिमतो. युरोपातले व्हिडिओ बघून ध्रुव जुळवायला जाल तर मान दुखेल, हाती काही लागणार नाही. शिवाय त्या उंचीवर वातावरणाच्या वक्रीभवनाने तो तीन-साडेतीन आर्कमिनिटं वर उचललेला दिसतो. पीएचडी२ मधलं ड्रिफ्ट अलाइनमेंट ध्रुवतारा मागतच नाही. खगोलीय विषुववृत्ताजवळचा एखादा तारा याम्योत्तरावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) असताना धरायचा, उत्तर-दक्षिणेची सुधारणा बंद राहते, आणि ताऱ्याचं केंद्र मिनिटागणिक किती सरकतं त्याची रेघ पडद्यावर उमटते. रेघ चढली किंवा उतरली की अक्षाची दिगंशातली, म्हणजे डावी-उजवीकडची, चूक कळते. तेच पूर्वेच्या वा पश्चिमेच्या ताऱ्यावर केलं की उंचीची चूक. अक्ष दहा आर्कमिनिटांनी चुकला असेल तर सरकणं मिनिटाला जास्तीत जास्त अडीच आर्कसेकंदांच्या आसपास असतं, म्हणजे माझ्या पिक्सेलच्या निम्म्याहून कमी. डोळ्याला हे कधीच दिसलं नसतं. सेंट्रॉइडला दोन-चार मिनिटांत दिसतं.

कॅलिब्रेशनही तसंच. सॉफ्टवेअर माउंटला पश्चिमेकडे आणि मग उत्तरेकडे थोडं थोडं ढकलतं, दर वेळी केंद्र कुठे गेलं ते नोंदतं, आणि कुठल्या धक्क्याला कुठल्या दिशेत किती सरकणं ते शिकून घेतं. हिवाळ्यात मी त्यासाठी मृगाच्या त्रिकांड बाणातल्या मिंटाकाच्या शेजारचा एखादा फिका तारा घेते. मिंटाका खगोलीय विषुववृत्ताला अगदी लागून आहे आणि शोधायला सोपा.

अनेक ताऱ्यांवर एकत्र गाइडिंग करायची सोय चालूच ठेवा. एका ताऱ्याचं केंद्र हवेच्या थरथरीने उडतं, पण प्रत्येक ताऱ्याचा प्रकाश हवेच्या थोड्या वेगळ्या वाटेने येतो. सात-आठ ताऱ्यांच्या सरकण्याची भारित सरासरी काढली की ही थरथर बरीच एकमेकांत विरते आणि माउंटची खरी चूक उरते. दक्षिणेकडे खाली बघताना मला याचा सगळ्यात जास्त फायदा झाला. ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ आपल्याकडे याम्योत्तरावर येतो तेव्हा सत्तावीस अंश वर असतो, उत्तर भारतातल्या लोकांना त्याहून खूप खाली. आपलं भाग्यच. मात्र त्या उंचीवर हवा प्रिझमसारखं काम करते: ताऱ्याचा निळा आणि तांबडा प्रकाश दोनेक आर्कसेकंदांनी वेगळा होतो. मग निळ्या ताऱ्याचं केंद्र आणि तांबड्या ताऱ्याचं केंद्र एकाच नियमाने सरकत नाही. गाइड कॅमेऱ्यापुढे तांबडा फिल्टर लावला तर हे बरंच कमी होतं; तारे थोडे फिके पडतात, ते चालतं.

काय जमत नाही, तेही सांगायला हवं. गाइड दुर्बीण आणि मुख्य दुर्बीण यांच्यातला जोड जरासा लवला तर पीएचडी२ ला ते कळायला वावच नाही. गाइड दुर्बिणीतलं केंद्र जागेवर, आकडे छान, आणि फोटोत सगळे तारे एकाच दिशेने ओढलेले. याला उपाय सॉफ्टवेअरमध्ये नाही. कडीचे स्क्रू घट्ट करा, केबल लोंबकळू देऊ नका, मोठी दुर्बीण असेल तर ऑफ-अॅक्सिस गाइडर घ्या, तो मुख्य दुर्बिणीतलाच थोडा प्रकाश गाइड कॅमेऱ्याकडे वळवतो. मला एका ऑनलाइन दुकानाने पाठवलेली यूएसबी केबल इतकी ताठ होती की दुर्बीण फिरताना ती गाइड कॅमेऱ्याला ढकलायची. ती बदलल्यावर निम्मा त्रास गेला. मदतपुस्तिका लांबलचक आणि इंग्रजीत आहे. ज्यांना इंग्रजी जड जातं त्यांनी एखाद्या जाणत्या माणसाबरोबर पहिली रात्र घालवावी. गोव्यात असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ अॅस्ट्रॉनॉमी ही संस्था आहे, तिथे आकाशाची आवड असलेली माणसं भेटतात.

मोबाइलवरून चालणारे गाइडिंगचे तयार डबेही मिळतात. सोपे आहेत, तारांचा पसारा कमी होतो. मी एका मित्राचा वापरून बघितला. त्यात आलेख आणि एक आकडा ठळक दिसला, ताऱ्याचा छेद मात्र शोधावा लागला. ज्यांना फक्त फोटो हवा त्यांना तेवढं पुरेल. मला पुरत नाही.

शेवटची मोठी जमेची बाजू म्हणजे नोंदवह्या. प्रत्येक रात्रीची प्रत्येक सुधारणा साध्या मजकुराच्या फाइलमध्ये साठते आणि लॉग व्ह्यूअर नावाच्या वेगळ्या फुकट प्रोग्रॅममध्ये उघडते. त्यात चुकांचा ठिपक्यांचा नकाशा दिसतो. पुंजक्याचं केंद्र शून्यावर हवं. ते बाजूला सरकलेलं असेल तर काहीतरी सतत एकाच दिशेने ओढतं आहे. पुंजका लांबट असेल तर एका अक्षात दोष. केंद्र शून्यावर असून पुंजका भला मोठा असेल, तर सरासरी उत्तम आणि फोटो वाईट. म्हणून मी आधी पसारा बघते.

चवथीपर्यंत आमच्याकडे दुर्बीण कपाटातच असते. एका पावसाळ्यात मी या नोंदी घेऊन के-मीन्सने रात्रींचे गट पाडले. बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट लॉइड यांनी १९५७ मध्ये मांडलेली ही रीत छापून आली १९८२ मध्ये. प्रत्येक ठिपका जवळच्या केंद्राला द्यायचा, गटाचं केंद्र पुन्हा काढायचं, केंद्रं स्थिर होईपर्यंत हेच चालू ठेवायचं. तीन गट छान पडले: हवा शांत, हवा खवळलेली, आणि तिसरा एक गट ज्याचं केंद्र एकाही खऱ्या रात्रीशी जुळेना. आत बघितलं तर वाऱ्याच्या दोनच रात्रींनी केंद्र स्वतःकडे खेचलं होतं. त्या बाजूला काढल्यावर गट सरळ झाले, आणि मला कळलं की माझ्या गच्चीवर फोटो बिघडवणारी पहिली गोष्ट वारा आहे, हवेची थरथर त्यानंतर. मग मी पश्चिमेच्या कठड्याला ताडपत्री बांधली.

तीस सेकंदांची एक्स्पोजर घेऊन साध्या लेन्सने आकाशगंगा टिपणाऱ्यांना यातलं काही लागणार नाही. दुर्बीण आणि दोन मिनिटांपुढची एक्स्पोजर असतील तर घ्या. पहिल्या रात्री फोटोचा नाद सोडा. झाकण लावून डार्कचा संच करा, विषुववृत्ताजवळ कॅलिब्रेशन करा, आणि गाइडिंग असिस्टंट निदान दहा-पंधरा मिनिटं चालू द्या. तो सुधारणा थांबवून हवा किती थरथरते आणि माउंट किती भटकतो ते वेगवेगळं मोजून देतो. त्याने सुचवलेला किमान सरकण्याचा आकडा स्वीकारा, म्हणजे माउंट हवेच्या मागे धावणार नाही. तारा मध्यम उजेडाचा घ्या. मी गुणोत्तर वीसच्या खाली गेलं की दुसरा शोधते. आणि स्टार प्रोफाइलची खिडकी रात्रभर उघडी ठेवा.